नवव्या माशाची साक्ष

न्यूटन, जॉर्जिया
१५ एप्रिल १९७४

ताई,

काल ईस्टर झाला. चर्चमध्ये दोघी-तिघींनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, ओझेला डेट्रॉइटला मोठी मडमीण झालीय, थंडीत गोठूनही अजून टिकून आहे. सगळ्या हसल्या. तू रागावू नकोस.

आता खरी बातमी. नॉचवे ओढ्याचं पाणी उतरलंय आणि लालकान्या माशांनी वाळूत घरटी घालायला सुरुवात केलीय. वास येतो बघ काठावर, कलिंगड कापल्यासारखा. म्हणजे यंदाचा मोसम लागला. आणि यंदा मी बाबांच्या भिंतीवरचा नववा मासा पकडणार.

मांसाला धुरी द्यायच्या धुराडखोलीच्या भिंतीवर बाबांनी कोळशाने चितारलेले नऊ जातींचे सूर्यमासे तुला आठवत असतील. निळगाल्या, लालकान्या, लालपोट्या, खोडठोक्या, रुंदतोंड्या आणि पुढचे सगळे. आठ आपण दोघांनी मिळून पाण्यातून काढले, आठांच्या खाली तुझी न् माझी खूण आहे. नवव्याखाली फक्त बाबांची. "दिसायला लालकान्याचा भाऊ, पण गालावर निळं लिखाण आणि कल्ल्यावरचा कान नखासारखा कडक," एवढंच सांगून म्हातारा गेला. चाळीस वर्षं मी या ओढ्यात त्या माशाच्या मागे आहे. तुझी भावजय व्हर्डेल असताना म्हणायची, मी मेले तर तुम्हाला चार दिवसांनी कळेल, पण मासा मेला तर लगेच कळेल. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि नववा अजून बाकी आहे.

होडीला थोडी खोक पडलीय. वळणावरचा सायप्रसच्या झाडाचा बुंधा या वर्षी जरा पुढे सरकलाय वाटतं.

तुझा भाऊ,
आयसम

---

डेट्रॉइट
२२ एप्रिल १९७४

आयसम,

बुंधे कधीपासून चालायला लागले रे? तो बुंधा आजोबांच्या आधीपासून तिथे आहे. तू पीत तर नाहीस ना पुन्हा? खरं सांग. तुझ्या पत्रातल्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली गेल्यात, आणि दोन ठिकाणी तर एका ओळीवर दुसरी ओळ चढलीय. शाळेत तुझं अक्षर माझ्याहून चांगलं म्हणून बाई माझेच कान धरायच्या.

साखरेच्या दुखण्याची गोळी घेतोस का? जेवायला काय करतोस? नुसता तळलेला मासा न् सरबत असं चाललं असेल तर मला इथूनच तुझ्या पाठीत रट्टा घालावासा वाटतोय. व्हर्डेल होती तोवर मी निर्धास्त होते. आता तुझं पत्र आलं की आधी पाकीट उजेडात धरून बघते, आत काय वाढून ठेवलंय म्हणून.

इकडे मी बरी आहे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींचे डोंगर उपसते. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्यावर खेकसते, दिवस जातो.

नवव्याचं वेड तू सोडणार नाहीस, मला ठाऊक आहे. निदान एकटा जाऊ नकोस.

ओझेला

---

न्यूटन
१ मे १९७४

ताई,

थेंबभर प्यालो असेन तर देवाने माझा गळ मोडावा. गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो, म्हणून ओळी घसरतात. तुला काय, तिकडे टेबल-खुर्ची आहे.

एक गंमत सांगतो. परवा पंधरा-वीस निळगाले मिळाले. दोरीत ओवून माळ पाण्यात सोडली होती होडीच्या कडेला. निघताना माळ ओढली तर जड लागली. मनात म्हटलं, आज देव प्रसन्न आहे. होडीत घेतली आणि बघतो तर शेवटच्या माशाला पांढऱ्या तोंडाचा विषारी पाणसाप निम्मं गिळून बसलेला! माझ्या पायाजवळ. मी मासे, दोरी, वल्हं सगळं पाण्यात फेकलं आणि मागून टोपीही फेकली, का ते विचारू नकोस. हातांनी पाणी सारत काठाला आलो. आपल्या चर्चच्या डीकन लव्हेट यांना सांगितलं तर ते पोट धरून हसले.

ट्रक सध्या बंद आहे, काहीतरी बिघडलंय. ओढ्यापर्यंत चालतच जातो. पायाला बरं.

काळजी करू नकोस.

आयसम

---

डेट्रॉइट
७ मे १९७४

आयसम,

मला हसू आलं नाही. तुझं पत्र मी धुलाईखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास तसाच राहिला.

माळ ओढायच्या आधी पाण्यात बघायचं. बाबांनी हे आपल्या पाठीवर वेताच्या छडीने लिहिलंय. तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून न बघता माळेला हात लावलेला नाहीस. मग परवा का लावलास? आणि "होडीत घेतली आणि बघतो तर." पायाजवळ येईपर्यंत दंडाएवढा साप तुला दिसला नाही?

बुंधा सरकला नाही. ट्रक बिघडलेला नाही. ओळी गुडघ्यामुळे घसरत नाहीत. तुझे डोळे चाललेत, आयसम. आईचे साखरेने असेच गेले. शेवटी ती पिठाच्या डब्यात हात घालून मीठ शोधायची, आणि आपण तिला काही कळत नाही असं समजून गप्प बसायचो. मी दुसऱ्यांदा गप्प बसणार नाही.

आमच्या इस्पितळात डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या खोलीतल्या चादरी मीच नेते, म्हणून धीर करून विचारलं. उजेडाची बारीक तिरीप डोळ्यात सोडून आतलं रक्त गळायचं थांबवतात. ते म्हणाले, "बाई, गेलेलं मी परत आणू शकत नाही. उरलेलं असेल तर राखायचा प्रयत्न करतो. भावाला सांगा, उन्हाळा संपायची वाट बघू नका."

तुमच्या ऑल्बनीहून इकडे बस निघते. माझ्याकडे जागा आहे. ये.

ताई

---

न्यूटन
१९ मे १९७४

ताई,

तुझ्यापुढे लपवून काय उपयोग. डोळ्यांपुढे जळमटं येतात खरी. सकाळी कमी, दुपारी जास्त. कधी काळा धागा तरंगतो, कधी सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं होतं. पण अजून बुचाचा तरंगा बुडलेला कळतो मला.

तुझे डॉक्टर "प्रयत्न करतो" म्हणाले. म्हणजे ते सांगत नाहीत की होईल. समज, नाही झालं. मग जे थोडं उरलंय ते मी इस्पितळाच्या छताकडे बघण्यात घालवलं असं होईल. मला ते नको. मला नववा बघायचाय. या डोळ्यांनी, हातात धरून, त्याच्या गालावरचं निळं लिखाण. तो बघितला की मग अंधार येऊ दे, मी कुरकुर करणार नाही. हे वेडेपण असेल तर असू दे.

आता नीट वाच. काल तो लागला.

सायप्रसच्या पलीकडच्या खोल डोहात, रातकिड्याच्या आमिषाला. तळहाताएवढा. लालकान्यासारखाच, पण गालावर निळ्या रेषा, अगदी कोणीतरी दौत उपडी करून लिहिल्यासारख्या. किराणाच्या तपकिरी पिशवीवर ठेवून त्याची कड उतरवली आणि रंगपेन्सिलींनी जसा दिसला तसा रंगवला. सोबत पाठवतोय.

बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. घरातल्या दुसऱ्या टार्व्हरने बघून नाव घेतल्याशिवाय मासा भिंतीवर चढत नाही. आता टार्व्हर म्हणून तू आणि मीच उरलोय. तू साक्ष दे. तू "नववा" म्हणालीस तर मी भिंतीवर खूण करतो आणि पुढच्या बसने येतो. शब्द देतो. नाही म्हणालीस तर मात्र मोसम संपेपर्यंत मला हाक मारू नकोस.

आयसम

---

डेट्रॉइट
२४ मे १९७४

आयसम,

कागद पोचला. मी खिडकीशी नेऊन नीट बघितला.

हा नववाच आहे. मी, ओझेला टार्व्हर, साक्ष देते. भिंतीवर खूण कर, गळ टांगून ठेव आणि बस पकड. तिकिटाची सोय सोबत केली आहे. अंगावर गरम काहीतरी घाल, बसमध्ये रात्री गारवा असतो.

डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

ताई

---

न्यूटन
३० मे १९७४

ओझेला,

ताई लिहायला हात वळत नाही.

कागद टपालात टाकून घरी आलो तेव्हा मासा अजून बादलीत होता. बाबांचं बोलणं आठवलं आणि कानाखाली अंगठा घातला. कान वाकला. जुन्या बुटाच्या चामड्यासारखा मऊ, सहज वाकला. तो लालकान्या होता. रोज तळून खातो तो लालकान्या. निळ्या रेषा माझ्या डोळ्यांनी कुठून आणल्या ते देवाला माहीत. मला त्या दिसल्या हे मात्र खरं.

त्या रात्री तुला दुसरं पत्र लिहायला बसलो होतो. मग म्हटलं, थांबू. ताईला फसवणं कोणाच्या बापाला जमणार नाही. ती विचारेल, कान कडक होता का? लहानपणी प्रत्येक माशाच्या वेळी तू आधी तेच विचारायचीस. माझ्या आधी तुझा अंगठा कानाखाली असायचा.

तू विचारलंच नाहीस. "नीट बघितला" लिहिलंस, आणि साक्ष दिलीस.

तुला कळलं होतं. कळूनही नाव घेतलंस. आंधळ्याला खोटं नाणं दिलं तर त्याला काय कळतंय, असंच ना? आता भिंतीपुढे उभा राहिलो की त्या आठांखालची तुझी खूणही खरी वाटत नाही. रुंदतोंड्या तू नक्की बघितला होतास की मी रडू नये म्हणून हो म्हणाली होतीस? लालपोट्याचं काय? माझ्याकडे एवढीच एक गोष्ट होती जिच्यात कोणी खोटं बोललं नव्हतं.

तिकिटाचे पैसे परत पाठवतोय. मी येणार नाही. रोज ओढ्यावर जातो.

आयसम

---

डेट्रॉइट
२३ जून १९७४

आयसम,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. तू फाडायच्या आधी पाकिटासोबतची बाटली उघड, मग हवं तर फाड.

हो, मी खोटं बोलले. तुझ्या कागदावर कड दोनदा उतरली होती, परांची एक जोडी जास्त होती, आणि ज्या रेषांना तू निळ्या म्हणत होतास त्या तू हिरव्या पेन्सिलीने काढल्या होत्या. ते बघून मी खिडकीशीच खाली बसले. मासा कोणता हे मी बघितलंच नाही रे. तुला एकदाचं बसमध्ये घालायचं एवढंच डोक्यात होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा खोटं बोलणार नाही असं मी म्हणत नाही, कारण मला तुझे डोळे हवेत. पण त्या आठ खुणा खऱ्या आहेत. रुंदतोंड्याच्या जिभेवर दात असतात, ते मी बोट घालून बघितले होते आणि बोट सोलवटलं होतं. तू रडत होतास ते माझं रक्त बघून.

तुझं पत्र आल्यावर मला घरात बसवेना. चाळीस वर्षांत तू डोहन् डोह पालथा घातलास. मग नववा गेला कुठे? आणि अचानक मनात आलं की बाबा त्या ओढ्याबाहेरही मासे धरायचे. आपण लहान असताना ते एक वर्ष घरी नव्हते, आठवतं? आई म्हणायची, उत्तरेला ओतकामाच्या कारखान्यात गेलेत. इथेच, डेट्रॉइटला. हात पोळून परत आले आणि त्याबद्दल पुन्हा कोणाशी बोलले नाहीत. भिंतीवर नववा त्यानंतर आला. आपण समजलो ओढ्यातला. त्यांनी तसं कधी सांगितलंच नव्हतं.

मग मी, पस्तीस वर्षं गळाला हात न लावलेली बाई, इथल्या नदीतल्या बेटावर गेले. शेजारणीच्या मुलाचा गळ, डब्यात गांडुळं, डोक्यावर चर्चची टोपी. शेजारी एक म्हातारा पोलिश गृहस्थ बसले होते. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या रविवारी पण नाही. काल तरंगा बुडाला.

आयसम, गालावर निळं लिखाण. लाटालाटांचं. काळा कान, कडेला पांढरी किनार, टोकाला लाल ठिपका. मी ओरडलेच. ते म्हातारबुवा म्हणाले, "काय झालं बाई, चावला?"

म्हटलं, "हा कोणता मासा?"

"हा? याला भोपळबी म्हणतात. सोडून द्या हो, पोरंटोरं धरतात असले. इथे ढिगाने मिळतात."

मी म्हटलं, "माझ्या भावाने याच्यासाठी जन्म घालवलाय."

त्यांनी आपला गळ वर ओढून घेतला. मग म्हणाले, "मग त्याला घेऊन या की."

मी अंगठा कानाखाली घातला. वाकला नाही. नखासारखा.

तू माझ्यावर विश्वास ठेवायचा नाहीस, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ठेवूच नकोस. कल्ल्याचं झाकण कानासकट बाटलीत घातलंय. दारूत. होय, मी दुकानात जाऊन व्हिस्की विकत घेतली. चर्चमधली एक बाई नेमकी समोरून आली, आता महिनाभर माझ्यासाठी प्रार्थना चालेल. दारूने मऊ कानही कडक होतो असं तू म्हणशील. तर एका लालकान्याचा कान काप, त्याच दारूत चार दिवस ठेव, मग दोन्ही हातांत दोन धर. डोळे लावूच नकोस. अंगठ्याला विचार.

डॉक्टर जुलैच्या मध्याला सुट्टीवर जाणार आहेत, ऑगस्टपर्यंत नसतील. ही धमकी नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

तिकीट पुन्हा ठेवलंय.

ताई

---

न्यूटन
१ जुलै १९७४

ताई,

हे पत्र गळाची काठी कागदावर आडवी ठेवून लिहितोय, तिच्या कडेने. ओळी सरळ आल्या असतील तर श्रेय काठीला.

तुझं पत्र दुपारच्या उन्हात व्हर्डेलच्या भिंगाखाली वाचलं. एकेक अक्षर. सबंध दिवस गेला. "हिरव्या पेन्सिलीने" इथे आलो आणि पुढे बराच वेळ वाचलं नाही.

मग बाटली उघडली. आधी हुंगली, खोटं कशाला बोलू. पण थेंब घेतला नाही. लालकान्याचा कान कापून आत टाकला, तू म्हणालीस तसे चार दिवस. आज सकाळी डीकन लव्हेटना बोलावलं आणि म्हटलं, डोळे मिटतो, माझ्या हातांत एकेक द्या, कोणता कुठला सांगू नका. ते म्हणाले, "अरे, डोळे मिटायची काय गरज आहे आता?" त्यांनाही माहीत होतं तर. सगळ्यांनाच माहीत होतं बहुतेक, मीच एकटा लपवत बसलो होतो.

डाव्या हातातला वाकला.

उजव्या हातातला नाही. मी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. बाबांनी सांगितलं होतं तसाच. आणि तो इतकी वर्षं तुझ्या दारात पोहत होता, पोरंटोरं धरून सोडून देत होती. मी धुराडखोलीत जाऊन हसलो, आणि मग रडलो. बाबांच्या पोळलेल्या हातांची आठवण आली. त्या सबंध वर्षातली एवढी एकच गोष्ट त्यांनी भिंतीवर ठेवली, आणि कुठली ते सांगितलं नाही.

नववा तू काढलास. साक्षीदार मी. मी, आयसम टार्व्हर, त्याला हात लावून साक्ष देतो. भिंतीवर खूण केलीय, चाचपडत केली, बाबांच्या खुणेवर थोडी चढली असेल.

तो लाल ठिपका मात्र मला बघायचाय. बाटलीतला पार फिका पडलाय, किंवा मीच फिका बघतोय. म्हणून तुझ्या त्या डॉक्टरांना सांग, तिरीप तयार ठेवा. मी पुढच्या आठवड्यात बुधवारच्या बसने निघतोय. डीकन ऑल्बनीला सोडतील. गळ सोबत आणतोय, बसवाले नाही म्हणाले तर भांडेन.

एकच काम कर. बसस्थानकावर गर्दी असेल, आणि लोकांचे चेहरे मला आता सगळे सारखेच दिसतात. मी तुला शोधत उभा राहीन असं समजून लांब थांबू नकोस. मी खाली उतरलो की तू आधी हाक मार.

तुझा भाऊ,
आयसम